कोळंबीच्या विषाणूंचे प्रकार आणि पीसीआर अहवालाचा अर्थ

प्रश्न असा आहे : टायगर कोळंबीच्या जनक माद्या तपासायला दिल्या, तर एका प्रयोगशाळेने आयएचएचएनव्ही (कोळंबीची वाढ खुंटवणारा एक विषाणू) पॉझिटिव्ह म्हणून कळवले आणि दुसरीने त्याच माद्यांना निगेटिव्ह ठरवले. त्याच हंगामात व्हॅनामेई या दुसऱ्या जातीच्या कोळंबीच्या तळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, आणि बीज देणाऱ्याचे म्हणणे पडले की विषाणूचा नवा स्ट्रेन, म्हणजे नवा जनुकीय प्रकार आहे, म्हणून बीज तपासताना तो सापडला नाही. मग या विषाणूंचे नेमके किती प्रकार आहेत, आणि प्रकार कळल्याने आपल्या निर्णयात काही फरक पडतो का?

पहिल्या भागाचे उत्तर : दोन्ही प्रयोगशाळा बरोबर असू शकतात. दुसऱ्या भागाचे उत्तर : पांढऱ्या ठिपक्यांच्या बाबतीत ‘नवा स्ट्रेन’ हे कारण खरे निघण्याची शक्यता फार कमी आहे. दोन्ही उत्तरे जनुकीय विविधतेतूनच येतात, पण दिशा उलट्या. कोळंबीच्या प्रत्येक विषाणूत विविधता असते, मात्र तिचा अर्थ विषाणूगणिक बदलतो. काहींमध्ये रोग होणार की नाही हेच प्रकारावर ठरते. काहींमध्ये प्रकाराचा उपयोग फक्त विषाणू कुठून आला हे शोधण्यापुरता असतो. हे वेगळे न केल्यामुळे चांगल्या माद्या फेकल्या जातात आणि रोगट तळ्यांचे खरे कारण तपासायचे राहून जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आयएचएचएनव्हीपासून सुरुवात करू. हा लहानसा, एकपदरी डीएनए असलेला विषाणू आहे. जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, जेमतेम ४,००० न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे तेवढ्या अक्षरांचा. १९८१ मध्ये हवाईत निळ्या कोळंबीच्या, म्हणजे स्टायलिरोस्ट्रिसच्या पिकात मोठी मर झाली तेव्हा तो प्रथम ओळखला गेला. व्हॅनामेईत तो सहसा मारत नाही, पण वाढ खुंटवतो. सोंड वाकडी होते, मिशा सुरकुततात, एकाच तळ्यात लहान-मोठ्या आकारांची सरमिसळ होते आणि काढणीला भाव पडतो. टायगर कोळंबीत बहुतेक वेळा यातले काहीच दिसत नाही.

याचे प्रकार स्थूलमानाने तीन. पहिला अमेरिका खंडांत आणि पूर्व आशियाच्या काही भागांत, दुसरा आग्नेय आशियात. हे दोन्ही खरे संसर्गजन्य. तिसऱ्याला ‘प्रकार’ म्हणतात, पण तो विषाणू नव्हेच. तो म्हणजे टायगर कोळंबीच्या स्वतःच्या गुणसूत्रांत फार पूर्वी शिरून बसलेला विषाणूचा तुकडा आहे. त्याचे ३ अ आणि ३ ब असे उपप्रकार पूर्व आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि हिंदी महासागराच्या परिसरातल्या टायगर कोळंबीत सापडले. तो आईकडून-बापाकडून पिलांत उतरतो, पण एका कोळंबीतून दुसरीत लागण करत नाही. असा तुकडा असलेल्या कोळंबीच्या ऊती निरोगी कोळंबीला खाऊ घातल्या तरी रोग होत नाही.

आता पीसीआरचे पाहा. ही चाचणी विषाणू जिवंत आहे का ते बघत नाही, तिला दिलेला डीएनएचा क्रम नमुन्यात आहे का एवढेच बघते. ३८९ नावाने ओळखली जाणारी प्रायमर जोडी (कोणता क्रम शोधायचा ते ठरवणारे डीएनएचे दोन छोटे तुकडे) संसर्गजन्य प्रकार पकडते आणि गुणसूत्रातला तुकडाही पकडते. ३०९ ही जोडी मुद्दाम अशी आखली आहे की तिने खऱ्या विषाणूचाच डीएनए वाढवावा. एका प्रयोगशाळेने पहिली जोडी वापरली असेल आणि दुसरीने दुसरी, तर तुमच्यासारखेच दोन अहवाल हाती येतात. म्हणून टायगर कोळंबीसाठी अहवालात ‘पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले असेल तर ते अपुरे आहे. कोणती प्रायमर जोडी वापरली, हे लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगली प्रयोगशाळा ते आनंदाने सांगते.

इथे एक सावधगिरी. गुणसूत्रात शिरलेले तुकडे सगळ्या कोळंब्यांत एकसारखे नसतात. कुणात एक भाग असतो, कुणात दुसरा, आणि कधी कधी नेमका ३०९ जोडीच्या टप्प्यातला तुकडाही असू शकतो. थायलंडच्या टायगर कोळंबीत असे आढळले आहे. तेव्हा ३०९ पॉझिटिव्ह आली आणि माद्या किमती असल्या, तर जीनोमच्या वेगवेगळ्या भागांवरच्या तीन-चार जोड्या लावून घ्या. सगळ्या पॉझिटिव्ह आल्या तर विषाणू अखंड आहे असे मानायला आधार मिळतो. त्याच्या जोडीला ऊतींचे काप पाहिले आणि पेशींच्या केंद्रकात काउड्री ‘अ’ जातीचे समावेश-पिंड, म्हणजे विषाणूमुळे केंद्रकात बनणारे गोळे दिसले, तर शंका उरत नाही.

या तुकड्यांबद्दल माझे मत थोडे पुढे जाते. थायलंडमध्ये दीर्घकाळ काम केलेले संशोधक टिमोथी फ्लेगेल यांनी मांडले की कोळंबी आणि कीटक विषाणूचे तुकडे आपल्या जीनोममध्ये सामावून घेतात, त्यांच्यापासून उलट क्रमाचा आरएनए तयार होतो, आणि आरएनए हस्तक्षेपाच्या (जुळणाऱ्या क्रमाचा आरएनए निकामी करण्याच्या) यंत्रणेतून तोच आरएनए पुढे त्या विषाणूला आवरतो. नंतरच्या प्रयोगांतून या विचाराला बळ मिळत गेले. याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे : ‘आयएचएचएनव्ही पॉझिटिव्ह’ म्हणून सरसकट माद्या काढून टाकताना आपण कदाचित विषाणू सहन करण्याची क्षमता असलेले वंशच पैदाशीतून बाद करत असू. जनक निवडणाऱ्या प्रत्येक केंद्राने यावर विचार करावा असे मला मनापासून वाटते.

पिवळ्या डोक्याच्या रोगात, म्हणजे यलो हेडमध्ये, प्रकाराचे महत्त्व आणखी वाढते. १९९० मध्ये मध्य थायलंडमध्ये टायगर कोळंबीच्या तळ्यांत हा रोग आला. कोळंबी एकाएकी जास्त खायला लागते, मग खाणे बंद करते, कडेला येते आणि दोन-चार दिवसांत तळे रिकामे होते. काही वर्षांनी ऑस्ट्रेलियात याचाच जवळचा नातलग सापडला. त्याला गिल-असोसिएटेड व्हायरस म्हणतात, आणि तो निरोगी दिसणाऱ्या टायगर कोळंबीतही मोठ्या प्रमाणावर असतो. पुढे आफ्रिका आणि आशियातले नमुने तपासत गेल्यावर या गटात आठ आणि त्याहून जास्त जनुकीय प्रकार हाती आले. त्यातला पहिला प्रकार तो थायलंडचा जीवघेणा विषाणू, दुसरा ऑस्ट्रेलियाचा. बाकीचे बरेचसे प्रकार धडधाकट कोळंबीत सापडले. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत फक्त पहिला प्रकार आहे. म्हणजे ‘यलो हेड गट पॉझिटिव्ह’ असा अहवाल आला तर अजून घाबरायचे कारण नाही, आणि निर्धास्त राहायचेही नाही. नमुना पुढे पाठवून क्रमनिर्धारण, म्हणजे जनुकीय अक्षरांचे वाचन, करून घ्यायचे. तोवर त्या माद्या वेगळ्या टाकीत ठेवायच्या, पाणी आणि जाळी इतरांशी सामायिक करायची नाहीत.

या गटात आणखी एक गोष्ट घडते. वेगवेगळे प्रकार एकाच कोळंबीत आले तर त्यांच्या जीनोमची अदलाबदल होते आणि संकरित विषाणू तयार होतात. आशियातल्या टायगर कोळंबीच्या नमुन्यांत असे पुनर्संयोजित विषाणू बऱ्यापैकी आढळले. म्हणून जीनोमच्या एकाच छोट्या भागावरून प्रकार ठरवला तर तो दुसऱ्या भागावरून वेगळा निघू शकतो. देशोदेशींच्या माद्या एकाच केंद्रात, एकाच पाण्यात ठेवायला माझा ठाम विरोध आहे, त्याचे हे एक मोठे कारण.

आरएनए विषाणू इतके का बदलतात, हा प्रश्न ओघाने येतो. त्यांचा आरएनए उतरवून घेणारे विकर (एन्झाइम) चुका करते आणि बहुतेकांत त्या चुका दुरुस्त करायची सोय नसते. यलो हेडचा जीनोम मात्र २६,००० न्यूक्लिओटाइडहून मोठा आहे. एवढी लांबी चुकांसह टिकली नसती, आणि त्याच्या गटाकडे दुरुस्ती करणारे विकर असते. तरीही पुनर्संयोजनामुळे त्यात विविधता भरपूर आहे. त्यामुळे ‘आरएनए म्हणजे बदलणारा, डीएनए म्हणजे स्थिर’ हा नियम ढोबळ म्हणूनच वापरावा.

आता पांढरे ठिपके. तुमचा खरा तोटा यात झाला आहे, म्हणून इथे जास्त थांबतो.

हा रोग १९९२ च्या सुमारास चीन आणि तैवानच्या परिसरात उद्भवला, १९९३ मध्ये जपानला पोहोचला, १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आशियाभर पसरला आणि १९९९ मध्ये इक्वेडोरची तळी त्याने उद्ध्वस्त केली. ऑस्ट्रेलियाच्या कोळंबी शेतीत तो २०१६ मध्ये क्वीन्सलँडला शिरला. एवढ्या प्रवासात विषाणू खूप बदलला असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो फार थोडा बदलला. हा सुमारे तीन लाख बेसजोड्यांचा (अक्षरांच्या जोड्यांचा), दुपदरी, वर्तुळाकार डीएनए असलेला विषाणू आहे. पहिले तीन पूर्ण जीनोम थायलंड, चीन आणि तैवानच्या नमुन्यांचे वाचले गेले : अनुक्रमे २,९२,९६७, ३,०५,१०७ आणि ३,०७,२८७ बेसजोड्या. लांबीत हजारोंचा फरक, पण जे भाग तिघांत आहेत ते ९९ टक्क्यांहून जास्त सारखे. विषाणूच्या आवरणातले व्हीपी २८ हे प्रथिन तर जगभरच्या नमुन्यांत जवळजवळ तेच आहे.

मग फरक कुठे आहेत? दोन जागी मोठे तुकडे गळून पडतात. त्या जागांना ओआरएफ १४/१५ आणि ओआरएफ २३/२४ म्हणतात (ओआरएफ म्हणजे प्रथिनाची कृती असू शकणारा जीनोमचा पट्टा). जुन्या थाई नमुन्यांत एक असा मिळाला की ज्यात हे भाग जवळपास पूर्ण होते, जीनोम तीन लाखांहून बराच मोठा होता. तो सगळ्यांचा पूर्वज किंवा पूर्वजाच्या जवळचा मानला जातो. पुढे विषाणू जसजसा पसरला तसतसे हे तुकडे गळत गेले. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की आखूड झालेला विषाणू जास्त घातक निघाला. पूर्वजासारखा लांब विषाणू कोळंबीला सावकाश मारतो, आखूड झालेला कितीतरी लवकर मारतो, आणि दोन्ही एकत्र टोचून एका कोळंबीतून दुसरीत नेत गेले तर काही फेऱ्यांतच आखूड विषाणू दुसऱ्याला मागे टाकतो. दाट साठवणीच्या तळ्यात लवकर वाढणाऱ्या विषाणूला सगळी अनुकूलता असते. मेलेली कोळंबी तिथे लगेच दुसऱ्या कोळंबीच्या तोंडी लागते. या निवडीचा दाब आपल्या शेतीच्या पद्धतीनेच निर्माण केला, असे मी मानतो.

तिसरा फरक लहान, पण शोधकामाला अत्यंत उपयोगी. ओआरएफ ७५, ९४ आणि १२५ या जागी एकच छोटा क्रम माळेतल्या मण्यांसारखा पुन्हा पुन्हा येतो आणि मण्यांची संख्या नमुन्यागणिक बदलते. ओआरएफ ९४ मध्ये हा मणी ५४ बेसजोड्यांचा असतो. थायलंडमधल्या तळ्यांच्या नमुन्यांत तो सहापासून वीसपर्यंत वेळा आलेला दिसला. शेजारच्या दोन तळ्यांत तिन्ही जागची संख्या जुळली, तर विषाणू एकातून दुसऱ्यात गेला किंवा दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून आला असे म्हणायला आधार मिळतो. पूर्ण वेगळी निघाली, तर शेजाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. बीज, जनक माद्या, खेकडे आणि तळे यांची अशी तुलना करता येते.

पण या संख्येवरून विषाणू किती जहाल आहे हे सांगता येत नाही. ‘आठ मण्यांचा भयंकर, बाराचा सौम्य’ असली विधाने कुणी केली तर विश्वास ठेवू नका. शिवाय ही संख्या लवकर बदलते, खेकड्यातून किंवा दुसऱ्या जातीच्या कोळंबीतून जाताना बदलू शकते. म्हणून तिचा उपयोग एका हंगामातल्या, जवळच्या तळ्यांपुरता. खंडांतल्या प्रवासासाठी ते मोठे गळालेले तुकडेच पाहावे लागतात.

व्हिएतनाममधल्या तळ्यांच्या अभ्यासातून एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. ज्या तळ्यांतल्या कोळंबीत एकाच वेळी अनेक जनुकीय प्रकार मिसळलेले होते, तिथे रोगाचा उद्रेक कमी आढळला. जिथे एकच प्रकार होता तिथे उद्रेक जास्त. उद्रेकात एक झपाट्याने वाढणारा प्रकार बाकीच्यांना बाजूला सारतो, हे त्यामागचे एक पटण्यासारखे स्पष्टीकरण आहे. मात्र मिश्र संसर्ग मुद्दाम घडवून संरक्षण मिळेल असा अर्थ कुणी काढू नये.

आता बीज देणाऱ्याच्या दाव्याकडे. पांढऱ्या ठिपक्यांसाठीच्या नेहमीच्या पीसीआर चाचण्या स्थिर भागांवर आखलेल्या असतात. एखाद्या नमुन्यात नेमका तोच भाग बदललेला किंवा गळलेला असणे अशक्य नाही, पण विरळ आहे, आणि दोन वेगळ्या भागांवरच्या चाचण्या लावल्या की ती शंकाही मिटते. निगेटिव्ह बीजाच्या तळ्यात रोग येण्याची नेहमीची कारणे वेगळीच असतात. पहिले कारण नमुन्याची संख्या. मोठ्या साठ्यात ५ टक्के पिले बाधित असतील आणि ती ९५ टक्के खात्रीने सापडायला हवी असतील, तर किमान ६० पिले तपासावी लागतात. २ टक्क्यांसाठी १५०. पाच-दहा पिलांच्या नमुन्यावर ‘निगेटिव्ह’ मिळवले असेल तर तो अहवाल फार काही सांगत नाही. दुसरे, पिलांत विषाणू इतका कमी असतो की एका टप्प्याच्या पीसीआरला तो सापडत नाही, दोन टप्प्यांच्या किंवा रिअल-टाइम पीसीआरला सापडतो. तिसरे, ऊती. कोळंबीच्या डोळ्यांत पीसीआर अडवणारे पदार्थ असतात. मोठ्या पिलांचे डोळे काढून टाकावेत, आणि मोठ्या कोळंबीचे कल्ले, पोहण्याचे पाय किंवा रक्तद्रव घ्यावा. यकृत-स्वादुपिंड या विषाणूसाठी चुकीचा अवयव आहे, त्याच्या पेशींत हा विषाणू वाढत नाही.

आणि चौथे कारण सगळ्यात जास्त भेटते : विषाणू बीजातून आलेलाच नसतो. पाण्यातले खेकडे, रानटी कोळंबी, शेजारच्या तळ्यातून सोडलेले पाणी यांतून तो नंतर शिरतो. जनक माद्यांना दिलेल्या जिवंत समुद्री किड्यांतूनही तो केंद्रात आल्याची उदाहरणे आहेत. तापमानही पाहा. पाणी ३२-३३ अंशांवर टिकून असताना हा विषाणू दबलेला राहतो, एकदम थंडावा आला की उसळतो. तुमच्या तळ्यात मर सुरू होण्याआधीच्या आठवड्यात हवामान काय होते, हे नोंदवहीत बघा.

नवा प्रकार येऊन संरक्षण मोडल्याचे खरे उदाहरण हवे असेल तर ते टॉरा रोगाचे. १९९२ मध्ये इक्वेडोरच्या टॉरा नदीकाठच्या तळ्यांत व्हॅनामेईची मर झाली, तेव्हा सुरुवातीला केळीच्या बागांतल्या बुरशीनाशकांवर संशय होता. पुढे विषाणू सापडला : सुमारे १०,२०० न्यूक्लिओटाइडचा आरएनए. पैदासकारांनी चिवट माद्या निवडून टॉराला दाद न देणारे व्हॅनामेईचे वंश तयार केले आणि काही वर्षे ते टिकले. मग २००१ मध्ये बेलीझमध्ये आवरणाच्या प्रथिनात बदल झालेला प्रकार आला आणि त्याने हे वंशही मारले. त्या काळी निदानाला वापरली जाणारी एक मोनोक्लोनल प्रतिपिंड चाचणी (विषाणूच्या एकाच ठरावीक खुणेला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाची) या प्रकाराला ओळखू शकली नाही. म्हणजे प्रतिकार आणि चाचणी दोन्ही एका बदलाने निकामी झाले. त्यानंतर टॉराचे मेक्सिको, आग्नेय आशिया, बेलीझ आणि व्हेनेझुएला असे चार गट मानले गेले, आणि वंशांची परीक्षा एकाच प्रकारावर न घेता अनेकांवर घेऊ लागले.

याच्या उलट टोकाला स्नायू मरण्याचा रोग, आयएमएनव्ही. तो २००२ मध्ये ब्राझीलमध्ये आणि २००६ मध्ये इंडोनेशियात दिसला. दोन्हींचे जीनोम ९९.६ टक्के सारखे निघाले. दोन महासागरांपलीकडे इतके साम्य नैसर्गिक प्रवासाने राहत नाही. जिवंत कोळंबी नेली गेली आणि तिच्याबरोबर विषाणू गेला, हाच त्याचा सरळ अर्थ. विविधता जवळजवळ नसणे हीसुद्धा माहिती असते. डीआयव्ही १ या आणखी एका विषाणूबाबतही असेच : चीनमध्ये २०१४ च्या नमुन्यांतून व्हॅनामेईत आणि गोड्या पाण्यातल्या लाल नांगीच्या क्रेफिशमध्ये वेगवेगळ्या नावांनी वर्णन झालेले दोन विषाणू जवळजवळ एकच निघाले. तेव्हा व्हॅनामेईच्या शेजारी क्रेफिश किंवा गोड्या पाण्यातली कोळंबी वाढवणे हा धोका समजावा.

लसीबद्दल कुणी विचारेल म्हणून एवढेच : कोळंबीत आपल्यासारखी प्रतिपिंडे बनत नाहीत, त्यामुळे स्ट्रेननुसार लस हा सध्या व्यवहारातला पर्याय नाही. दुहेरी आरएनए टोचून प्रयोगशाळेत चांगले संरक्षण मिळते, पण तळ्यातल्या लाखो कोळंब्यांपर्यंत ते स्वस्तात पोहोचवण्याची अडचण आहे.

आता तुमच्यासाठी करण्याजोग्या गोष्टी. टायगर माद्यांचे नमुने ३०९ आणि निदान आणखी दोन प्रायमर जोड्यांवर पुन्हा तपासून घ्या. निकाल येईपर्यंत माद्या मारू नका, पण व्हॅनामेईपासून पूर्ण वेगळ्या ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या तळ्याचे निर्जंतुकीकरण करण्याआधी मरणासन्न कोळंब्या उचलून प्रत्येकीचे कल्ले वेगवेगळ्या कुपीत, ऊतींच्या दहापट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. मण्यांची संख्या मोजायची असेल तर नमुने एकत्र वाटून देऊ नका, मिसळलेल्या प्रकारांतून नंतर काही वेगळे काढता येत नाही. बांधावरचे आणि कालव्यातले चार-पाच खेकडेही तसेच ठेवा. आरएनए विषाणूंचा संशय असेल तर साध्या अल्कोहोलपेक्षा आरएनए टिकवणारे द्रावण वापरा, आणि ऊतींच्या कापांसाठी काही कोळंब्या डेव्हिडसन द्रावणात (ऊती आहेत तशा टिकवणाऱ्या मिश्रणात) घाला. बीज देणाऱ्याकडे त्या खेपेची राखून ठेवलेली पिले आहेत का ते विचारा. असली तर बीज, तळे आणि खेकडे या तिन्हींचे ओआरएफ ७५, ९४ आणि १२५ शेजारी-शेजारी ठेवून बघता येतील. नसली, तर पुढच्या खेपेपासून तळ्यात बीज सोडण्याच्या दिवशीच त्यातली दीडशेएक पिले तारीख घालून अल्कोहोलमध्ये ठेवा आणि काढणी होईपर्यंत ती बाटली टाकू नका.